प्रत्यारोपाची तारीख

दलित लेखकाने प्रश्न विचारला की त्याला उत्तर मिळत नाही, त्याच्यावर आरोप होतो. आणि त्या आरोपाला त्याने आरोपानेच उत्तर दिले की तो भांडखोर ठरतो. ही रीत आजची नाही. शूद्रातिशूद्रांच्या घामावर कोण पोसला गेला असे जोतीराव फुल्यांनी विचारले, तेव्हा निबंधमालाकार विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची टर उडवली. घामाचा हिशेब राहिला बाजूला आणि विभक्तीप्रत्ययांची चौकशी सुरू झाली. पुढे शंभर वर्षांनी दलित कविता आली, तेव्हाही पहिला सवाल झाला तो शिव्यांबद्दल. ज्या वस्तीत त्या शिव्या जन्मल्या तिच्याबद्दल सवाल करणारे थोडे निघाले.

आता आरोपाला प्रत्यारोप हे उत्तर नव्हे, असे आपल्याला सांगितले जाते. सांगणारे शिकलेले असतात आणि तर्कशास्त्राचा दाखला देतात. दाखला खोटा नाही. न्यायसूत्रांत 'मतानुज्ञा' नावाचे एक निग्रहस्थान आहे. आपल्या बाजूवर आलेला दोष न निवारता 'तोच दोष तुझ्याही बाजूत आहे' असे जो म्हणतो, त्याने स्वतःचा दोष कबूल केला असे धरून त्याला वादात हरलेला मानायचे, असा तो नियम. नियम म्हणून तो बिनतोड आहे. पण हा नियम दोन वादी समोरासमोर, एका पातळीवर बसले आहेत असे गृहीत धरतो. एक ओट्यावर आणि दुसरा अंगणात उभा असेल तर काय करायचे, याची तजवीज त्यात नाही. ज्याला सभेत शिरूच दिले नाही त्याचे पहिले बोलणेच सभेला आरोपासारखे ऐकू येते, आणि मग सभा त्याच्यावर जो आरोप करते तिला ती वादाची सुरुवात समजते.

तेव्हा प्रत्यारोप वाईट की चांगला, असा सरसकट निवाडा करण्यात अर्थ नाही. वाद कोणत्या तारखेपासून मोजायचा हे कोण ठरवतो, आणि प्रत्यारोप झाल्यावर मूळ प्रश्न उघडा राहिला की झाकला गेला, एवढे पाहिले म्हणजे बरेचसे कळते. या लेखात तेवढेच पाहायचे आहे, आणि दुसऱ्यांचे पाहून झाल्यावर आपलेही.

आधी जवळचे उदाहरण घेतो. मी राहतो ते कुसगाव मावळात, लोणावळ्याला लागून आहे. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग आमच्या शिवारातून जातो. याच रस्त्याने पुण्याकडे निघाले की बऊर लागते. पवना धरणाचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला न्यायला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ रोजी, म्हणजे क्रांतिदिनालाच, बऊरजवळ त्यांनी महामार्ग अडवला. पोलिसांनी गोळीबार केला. तीन माणसे मेली. त्यांत एक बाई होती. राज्यात तेव्हा काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांचे सरकार होते.

दहा वर्षांनी, ३ ऑक्टोबर २०२१ रोजी, उत्तर प्रदेशात लखिमपूर खेरी येथे आंदोलक शेतकऱ्यांच्या अंगावर मोटारी घातल्या गेल्या. चार शेतकरी आणि एक पत्रकार चिरडून मेले, त्यानंतरच्या हिंसेत आणखी तिघे मारले गेले. केंद्रातल्या गृहराज्यमंत्र्याच्या मुलावर आरोप ठेवला गेला. शरद पवारांनी या घटनेची तुलना जालियनवाला बागेशी केली. महाराष्ट्रातल्या तिन्ही सत्ताधारी पक्षांनी ११ ऑक्टोबरला बंद पुकारला. त्यावर देवेंद्र फडणवीसांनी मावळ काढले. मावळात शेतकऱ्यांवर गोळ्या घातल्या ते काय होते, असा त्यांच्या बोलण्याचा रोख. पवारांनी त्याच महिन्यात उत्तर दिले: मावळच्या मृत्यूंचा आरोप राजकीय पुढाऱ्यांवर नव्हता, पोलिसांवर होता, लोकांना भडकावणारे कोण होते हे मावळच्या जनतेला आता कळले आहे, आणि याचा पुरावा काय, तर २०१९च्या निवडणुकीत मावळातून राष्ट्रवादीचा उमेदवार मोठ्या मताधिक्याने निवडून आला.

या तिन्ही उत्तर-प्रत्युत्तरांत खोटी माहिती शोधायला गेले तर फारसे हाती लागणार नाही. मावळात गोळीबार झाला होता, हे खरे. निवडणूक जिंकली होती, हेही खरे. आणि तरीही लखिमपूरला मोटार कोणी कोणाच्या जिवावर घातली आणि बऊरला बंदूक कोणाच्या हुकमावरून चालली, हे दोन्ही प्रश्न या देवघेवीतून बाहेर पडले. ज्या पक्षाने मावळची आठवण काढली, त्याच्याच हातात २०१४ ते २०१९ अशी पाच वर्षे राज्य होते. मावळ आठवले ते लखिमपूरचा विषय निघाल्यावर. म्हणजे मेलेल्या मावळकरांची किंमत दुसरीकडच्या मेलेल्यांचा हिशेब वळता करून घेण्यापुरती. आणि मताधिक्य हे गोळीबाराचे उत्तर कसे होऊ शकते, हे मला तरी कळलेले नाही. इथे तारखा दोघांनीही निवडल्या. एकाने २०११ निवडली, दुसऱ्याने २०१९. २०२१ कोणालाच नको होती. पवना धरणात जमिनी गेलेल्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दशकानुदशके रेंगाळला, त्याची तारीख तर कोणाच्या तोंडीही आली नाही.

हा झाला झाकणारा प्रत्यारोप. आता दुसरा पाहू. त्यासाठी १९३६ सालात जावे लागते.

लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषण छापून तयार होऊ लागले तसे मंडळाचे पाय डळमळू लागले. वेद आणि शास्त्रांच्या प्रामाण्यावरचा घाव त्यांना सोसणारा नव्हता. बाबासाहेब एक स्वल्पविराम बदलायला तयार झाले नाहीत आणि परिषद रद्द झाली. मग मे १९३६मध्ये बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापले. हेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधींनी जुलै १९३६मध्ये 'हरिजन'च्या दोन अंकांत त्याचा परामर्श घेतला. बाबासाहेबांनी १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधींचे लेख छापून त्यांना आपले उत्तर जोडले. प्रतिपक्षाचा आरोप आपल्याच पुस्तकात, आपल्याच खर्चाने, पुरा छापायचा आणि मग उत्तर द्यायचे, ही गोष्ट लहान नाही. ज्याला प्रश्न झाकायचा असतो तो असे करीत नाही.

गांधींच्या बाजूने जे म्हणण्यासारखे आहे ते आधी म्हटले पाहिजे. त्यांनी मंडळाच्या स्वागत समितीला बोल लावला होता. भाषण लोकांपुढे यायला हवे होते, कोणाही सुधारकाला या भाषणाकडे दुर्लक्ष करता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. पण त्याच लेखात त्यांनी पुस्तकाच्या किमतीचा विषय काढला. आठ आणे फार झाले, दोन आणे किंवा निदान चार आणे ठेवावेत, अशी सूचना केली. आणि डॉ. आंबेडकर स्वतःला विसरू देणाऱ्यांतले नव्हेत, अशा अर्थाचे एक वाक्य लिहिले. हे वाक्य कौतुकाचे आहे, असेही कोणी वाचू शकेल. गांधींच्या भक्तांनी ते तसेच वाचले असणार. बाबासाहेबांनी ते आरोप म्हणून वाचले. मला त्यांचे वाचन बरोबर वाटते. कौतुक असो की टोमणा, त्या वाक्याने काम एकच केले: पुस्तकातला विषय उचलून बाजूला ठेवला आणि पुस्तक लिहिणाऱ्याचा हेतू टेबलावर मांडला. जातीचा नाश कसा करायचा, या प्रश्नाच्या जागी हा माणूस प्रसिद्धीचा भुकेला आहे काय, हा प्रश्न आला. चिपळूणकरांनी व्याकरण काढले, इथे हेतू निघाला. रस्ता वेगळा, मुक्काम तोच.

(एक गोष्ट जाता जाता सांगण्यासारखी आहे. आमच्या कुसगावाहून कार्ल्याचे लेणे जवळ. तिथल्या चैत्यगृहाच्या खांबांवर आणि दारांवर दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल तर या शैलगृहाला जंबुद्वीपातले सर्वोत्तम म्हणून मोकळा झाला आहे. त्याच्याबरोबर धेनुकाकटचा एक सुतार आहे, एक गंधिक म्हणजे अत्तरे विकणारा आहे, कितीतरी यवन आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी सुताराला आपले नाव विसरले जाऊ नये असे वाटले आणि त्याने ते दगडात कोरवून घेतले. त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. पर्यटक ते नाव कौतुकाने पाहतात. बाबासाहेबांनी मात्र एक भाषण छापले तर हेतूची चौकशी.)

बाबासाहेबांचे उत्तर बारकाईने वाचण्यासारखे आहे, कारण त्यात प्रत्यारोप दोनदा येतो आणि दोन्ही वेळा त्याची जात वेगळी आहे. जात हा शब्द इथे वापरावा लागतो याचा कंटाळा येतो, पण असो.

पहिला प्रत्यारोप हेतूच्या आरोपावर आहे. आपल्याला विसरले जाऊ नये म्हणूनच हे भाषण छापले असे धरले तरी दगड मारण्याचा अधिकार महात्म्याला नाही, कारण त्यांचे स्वतःचे घर काचेचे आहे, असे बाबासाहेब सुनावतात. न्यायसूत्रांच्या हिशेबाने ही सरळसरळ मतानुज्ञा झाली. पण बाबासाहेब तिथे थांबत नाहीत. एका वाक्यात तो ठोसा हाणून ते हेतूचा विषयच पुसून टाकतात आणि विचारतात की मी जे मांडले त्याबद्दल महात्म्याचे म्हणणे काय? मग आपल्या भाषणातले मुद्दे ते क्रमांक घालून पुन्हा मांडतात. जातीने हिंदूंचे वाटोळे केले, चातुर्वर्ण्यावर समाजाची फेरमांडणी होणे शक्य नाही, शास्त्रांचे पावित्र्य नष्ट केल्याशिवाय जात मोडणार नाही, असे ते मुद्दे. आणि महात्म्याने यांतल्या मुख्य मुद्द्यांना हातच घातलेला नाही, हे ते दाखवून देतात. म्हणजे प्रत्यारोपाचा उपयोग त्यांनी दाराला लावलेली खीळ काढण्यापुरता केला. खीळ निघाली, ते आत गेले. ज्याला प्रश्न झाकायचा असता तो त्या काचेच्या घरापाशीच खेळत बसला असता. गांधींच्या प्रसिद्धीवर, त्यांच्या उपोषणांवर, त्यांच्या साप्ताहिकांवर दहा पाने लिहिण्याइतका मजकूर त्यांच्याजवळ होता. एक वाक्य खर्चले.

दुसरा प्रत्यारोप अधिक धारदार आहे, आणि वरवर पाहता अधिक व्यक्तिगत. गांधींचे म्हणणे होते की वर्ण म्हणजे ज्याने त्याने आपल्या वाडवडिलांचा धंदा करून पोट भरणे. बाबासाहेब विचारतात, महात्मा स्वतः हे पाळतात काय? जन्माने वाणी, पण त्यांच्या पूर्वजांनी व्यापार सोडून दिवाणगिरी धरली. त्यांनी स्वतः ना तराजू धरला ना दिवाणगिरी. ते बॅरिस्टर झाले, आणि पुढे वकिलीही टाकून संत आणि राजकारणी यांच्या अधेमधे कुठेतरी जाऊन बसले. धाकट्या मुलाने ब्राह्मणाच्या मुलीशी लग्न केले आणि वर्तमानपत्राच्या मालकाकडे नोकरी धरली. इथे घर निघाले, कुळ निघाले, मुलाचे लग्नही निघाले. हे कमरेखालचे नाही काय?

नाही. आणि का नाही, हे आपल्यातल्या तरुण समीक्षकांनी नीट ध्यानात घ्यावे असे मला वाटते. गांधींनी सर्वांसाठी एक नियम सांगितला होता. नियम सांगणारा माणूस स्वतःच त्या नियमाचे पहिले उदाहरण असतो. भंग्याच्या मुलाने भंगीकाम करावे असे ज्या नियमातून निघते, त्या नियमातून दिवाणाच्या मुलाने काय करावे हेही निघते. ते विचारणे म्हणजे हेतूवर शिंतोडा उडवणे नव्हे, तो पुरावा मागणे आहे. पहिल्या प्रत्यारोपाला मी ठोसा म्हटले. हा दुसरा साक्षीदार आहे. गांधींच्या आयुष्यातली नेमकी तीच गोष्ट बाबासाहेब काढतात जी वादाच्या विषयाला चिकटलेली आहे. तिच्यापलीकडची एकही नाही. महात्म्याला ते खोटारडाही म्हणत नाहीत. वाडवडिलांच्या धंद्याचा आदर्श त्यांना स्वतःलाही पेललेला नाही, तेव्हा तो आदर्शच अशक्य आणि माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे, असा निष्कर्ष ते काढतात. व्यक्तीवरून पुन्हा विषयावर यायचे, हा क्रम त्यांनी कुठेही चुकवलेला नाही.

आणखी एक. धर्माची परीक्षा त्याच्या वाईट नमुन्यांवरून करू नये, चांगल्यांवरून करावी, असे सांगून गांधींनी चैतन्य, ज्ञानदेव, तुकारामापासून विवेकानंदांपर्यंत नावे घेतली होती. बाबासाहेब ते मान्य करतात आणि पुढे विचारतात की मग चांगले इतके थोडे आणि वाईट इतके पुष्कळ का? हा प्रत्यारोपही नाही, साधा प्रश्न आहे. त्याचे उत्तर अजून यायचे आहे.

हे उत्तर का लिहावे लागले, त्याचे कारणही बाबासाहेबांनी दिले आहे. महात्म्याने तोंड उघडले की वाद संपला, आता कोणी भुंकायचे नाही, अशी पुष्कळ हिंदूंची भावना होती. म्हणजे वादाला टाळे लावले गेले होते. ते उघडणे हा त्या प्रत्यारोपाचा उद्देश. मावळवरून झालेल्या देवघेवीत आणि या उत्तरात फरक आहे तो एवढाच, पण तो मूळचा आहे.

हीच फूटपट्टी १९७२ला लावून पाहू. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली म्हणून 'साधना'ने १५ ऑगस्टचा विशेषांक काढला. तो अनिल अवचटांनी दलितांच्या प्रश्नावर काढला आणि त्यात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. 'साधना' हे शत्रूचे पत्र नव्हते. साने गुरुजींनी सुरू केलेले, समाजवाद्यांचे. लेख त्यांनी छापला, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. लेखात ढाल्यांनी दोन शिक्षा शेजारी शेजारी ठेवल्या. परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात दलित स्त्रीच्या अब्रूला हात घातला गेला, त्याला दंड पन्नास रुपये. आणि राष्ट्रध्वजाचा अपमान केला तर दंड तीनशे रुपये. मग असल्या ध्वजाचे काय करायचे, असे त्यांनी ज्या शब्दांत विचारले ते शब्द छापील मराठीला पचणारे नव्हते. गदारोळ झाला. दुर्गा भागवतांनी तीव्र आक्षेप घेतला. दुर्गाबाई म्हणजे कोणी साध्या बाई नव्हत्या. तीनच वर्षांनी कराडच्या साहित्य संमेलनात आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या त्या याच. म्हणून त्यांचा आक्षेप अधिक जड होता.

आता तारीख पाहा. आक्षेप घेणाऱ्यांचा वाद १५ ऑगस्ट १९७२ला, त्या एका वाक्यापासून सुरू होतो. त्यांच्या दृष्टीने ढाले हे पहिला दगड मारणारे. ढाल्यांचा वाद सुरू होतो ब्राह्मणगावात, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात; आणि खरे तर त्याच्याही किती आधी. त्यांच्या दृष्टीने लेख हे उत्तर आहे. ज्याला जग आरोप म्हणते तो त्यांच्याकडून पाहिला तर प्रत्यारोप आहे. आणि हा प्रत्यारोप कोणावर? गुन्हेगारांवर नव्हे, ज्या राष्ट्राच्या कायद्याने दोन किमती ठरवल्या त्या राष्ट्रावर.

ते वाक्य भडक होते, यात वाद नाही. तेवढे भडक नसते तर तो लेख कोणी वाचला असता काय, ही शंकाही रास्त आहे. पण समीक्षेच्या अंगाने पाहिले तर आक्षेप घेणाऱ्यांची खरी चूक दुसरीकडे आहे. ढाल्यांचे वाक्य म्हणजे तुलनेचे अर्धे अंग होते. तराजूचे एक पारडे काढून घेतले आणि दुसऱ्याकडे बोट दाखवून 'पाहा, हे किती खाली गेले' असे म्हटले, तसे झाले. चर्चा तीनशे रुपयांच्या बाजूची झाली. पन्नास रुपये कोणी, कोणत्या कलमाखाली, कोणत्या न्यायबुद्धीने ठरवले, यावर तेवढ्या आवाजात बोलले गेले नाही. गंमत अशी की राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अपमानासंबंधीचा कायदा १९७१च्या डिसेंबरात येऊन गेला होता आणि त्यात ध्वजाच्या अपमानाला तीन वर्षांपर्यंत कैद होती. ढाल्यांनी मांडलेली तफावत प्रत्यक्षात त्याहून मोठी होती. त्यांच्या टीकाकारांना त्यांची चूकच काढायची असती, तर ही काढता आली असती.

इथपर्यंत वाचून आपल्यापैकी पुष्कळांना बरे वाटले असेल. दुसऱ्यांनी आपल्या प्रश्नांवर झाकण ठेवले, याचा हिशेब आपण तोंडपाठ करून ठेवला आहे. पण झाकणे ही काही कोणा एका जातीची मिरास नव्हे. ती कला आपणही शिकलो, आणि आपल्याच माणसांवर चालवली.

१९७३च्या पँथरच्या जाहीरनाम्याने 'दलित' शब्दाची व्याख्या रुंद केली. अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, आणि राजकारण, अर्थकारण व धर्माच्या नावाखाली पिळले जाणारे सारे. हा मोठा प्रश्न होता. आंबेडकरी चळवळीने वर्ग कुठे धरायचा आणि जात कुठे, बौद्ध होणे म्हणजे काय, यावर दहा वर्षे वाद घालण्याजोगा. वाद झालाही, पण लवकरच एकाने दुसऱ्याला कम्युनिस्टांचा हस्तक म्हणायचे आणि दुसऱ्याने पहिल्याला प्रतिगामी म्हणायचे, इथवर तो आला. १९७४मध्ये संघटना फुटली. १९७७मध्ये ढाले गटाने आपली पँथर बरखास्त केली. दोन्ही बाजूंना लिहिता येत होते, दोन्ही बाजूंचे वाचन दांडगे होते. व्याख्येचा प्रश्न मात्र जिथे होता तिथेच राहिला. १९३७चे उत्तर दोघांनीही वाचलेले होते, हे विशेष.

त्या व्याख्येत 'स्त्रिया' हा शब्द आहे. तो तिथे छापून ठेवला, त्यापुढे त्याचे आपण काय केले?

दया पवारांचे 'बलुतं' १९७८मध्ये आले तेव्हा आपल्याच लोकांनी त्यांना विचारले की ही घाण चव्हाट्यावर कशाला मांडलीस? पवार पुरुष होते, लेखक म्हणून उभे राहिले, निभावून गेले. पण दलित बाईने घरातल्या पुरुषाविषयी तोंड उघडले की तिला मिळणारे उत्तर तयार असते: तू शत्रूच्या हाती काठी देतेस. सवर्ण बायकांच्या नादी लागलीस. समाज जळत असताना तुला नवरा दिसतो काय? यातले प्रत्येक वाक्य प्रत्यारोप आहे आणि एकही वाक्य उत्तर नाही. तिने विचारले होते की काल रात्री मला का मारले. आपण सांगतो की ब्राह्मणगावात काय झाले. ब्राह्मणगाव खरे आहे, जसे मावळ खरे होते. पण खऱ्या गोष्टीचा झाकण म्हणून वापर करता येतो, हे आपण वर पाहिले. तारखेची तीच युक्ती आपण तिच्यावर चालवतो. तिची तारीख कालची असते, आपण तिला दोन हजार वर्षे मागे नेऊन सोडतो.

या प्रत्यारोपाला कोणी उत्तर दिलेच नाही असे नाही. मीनाक्षी मून आणि उर्मिला पवार यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केले. त्यातल्या 'ही' या एका अक्षरात केवढा आरोप आहे! तो सवर्णांवर नाही, तो आपल्यावर आहे. आणि तो बाबासाहेबांच्या दुसऱ्या प्रत्यारोपाच्या जातकुळीचा आहे: तुम्ही समतेचा नियम सांगता, तर तुमच्याच इतिहासात आम्ही कुठे आहोत, ते दाखवा. पुढे २००३मध्ये उर्मिला पवारांनी 'आयदान'मध्ये स्वतःच्या शिक्षणाने आणि लेखनाने घरात काय ताण आले, ते नवऱ्याला खलनायक न करता सांगितले. त्यांच्यावर टीका करणाऱ्या किती जणांनी त्या ताणांविषयी बोलायचे धाडस केले आणि किती जण बाईच्या मोकळेपणावरच घसरले, हे ज्याचे त्याने आपापल्या मित्रमंडळात आठवून पाहावे.

पण प्रत्यारोपाची सर्वांत मोठी ताकद तो केल्यावर दिसत नाही. तो होणार हे ठाऊक असल्याने आरोप तोंडातून बाहेरच पडत नाही, तिथे ती दिसते. बेबी कांबळे यांनी फलटणला आपल्या दुकानात बसून लिहिलेले 'जिणं आमचं' हे दलित स्त्रीच्या आत्मकथनांतले अगदी पहिले. लिहिले ते घरच्यांपासून लपवून, वीस वर्षे. त्यात महारवाड्यातल्या सुनांचे हाल आहेत, सासवांनी केलेले छळ आहेत, नाक कापल्या गेलेल्या बायका आहेत. आपल्या समाजाने आपल्या बायकांना काय केले हे लिहिताना त्यांनी हात आखडलेला नाही. पण त्यांच्या स्वतःच्या नवऱ्याने त्यांना केलेली मारहाण त्या पुस्तकात नाही. माया पंडित यांनी पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद केला, तो २००८मध्ये 'द प्रिझन्स वी ब्रोक' या नावाने आला. त्याला जोडलेल्या मुलाखतीत बेबीताईंनी ती मारहाण सांगितली आहे, आणि हे बहुतेक बायकांच्याच वाट्याला येत होते, एकटीचे म्हणून काय सांगायचे, अशा अर्थाचे कारणही दिले आहे.

मराठीत लिहिलेल्या बाईची ही गोष्ट वाचायला मराठी वाचकाला इंग्रजी पुस्तकाची शेवटची पाने उघडावी लागतात.